पाठीतलं पाणी

नंदुरबारच्या नरोत्तमभाई डॉक्टरांनी आणि खांडबाऱ्याच्या वेस्तीमायनं माझ्या बायकोला, यशोदेला, परत आणलं. दोघांची नावं आधीच लिहून टाकतो. पुढचं सांगताना मला अजून धडधडतं, आणि भ्यालेला माणूस मुख्य तेच सांगायचं विसरतो. वेस्तीमाय आता आमच्यातच राहते, तिच्यासाठी हातून थोडंबहुत होतं. डॉक्टरांसाठी काहीच झालेलं नाही. म्हणून हे त्यांच्याविषयी.

डॉक्टरांच्या हातात कुठलीही पातळ वस्तू दिली की ते ती आधी उजेडाकडे धरून बघायचे. दिव्याचं तेल, गवळ्यानं आणलेलं दूध, विहिरीचं पाणी. काचेचा पेला असला तर ठीक, पण पितळी असला तरी सवयीनं वर उचलायचे आणि मग स्वतःशीच हसायचे. लोक त्यांना तोंडावर डागतरसाहेब म्हणत आणि मागं 'पानीना डागतर'. ताप डोक्यात चढून कोणी बरळायला लागलं, मान ताठ झाली, किंवा शहाणासुरता माणूस एकाएकी खुळ्यासारखा वागू लागला, तर हे डॉक्टर त्याच्या कमरेजवळ मणक्यांच्या मधून लांब सुई घालत, आतलं पाणी काढत, आणि काय झालंय ते त्या पाण्याला विचारत. "मेंदू कवटीत कोंडलेला आहे," ते म्हणत. "त्याला आपण दार ठोठावू शकत नाही. पण त्याच्याभोवतीचं पाणी कण्यात उतरतं. तिथं त्याची खबर मिळते."

माणूस दिसायला डॉक्टर नव्हताच. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा, रुंद खांदे, धोतरावर काळा कोट, पायांत शेतात घालायच्या वहाणा. बोटं मुळ्यासारखी जाड. त्या बोटांत ती बारीक सुई बघितली की मनात यायचं, हा आता आत काहीतरी मोडणार. लग्न केलेलं नव्हतं. शिकून झाल्यावर काही वर्षं दूरच्या एका वेड्यांच्या इस्पितळात नोकरी केली होती. तिथं साखळीला बांधलेली माणसं बघितली आणि त्यांतल्या कित्येकांना वेड नव्हतंच, काही दुसराच रोग होता, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग नोकरी सोडून नंदुरबारला चार खाटांचा दवाखाना घातला. त्या इस्पितळाबद्दल विचारलं की विषय बदलायचे. एकदाच म्हणाले, "तिथं कोणी पाणी बघत नव्हतं. कुलूप मात्र रोज बघत होते."

सुई घालायच्या आधी त्यांचं डोकं फिरे. कंपाउंडरवर ओरडत, पाणी नीट उकळलं नाही म्हणून, कापूस जाड म्हणून, खिडकी अर्धी का म्हणून. हात तीनतीनदा धूत. तोंडात लवंग धरत आणि ती कडाकडा चावत. त्यांचा कंपाउंडर गुलाब मला नंतर म्हणाला, "साहेब भडकना म्हंजे समजी ले, सुई निंघनी. मनमा भ्याव ऱ्हास ना त्यासना." म्हणजे भीती त्यांनाही होती. हे मला आधी कळलं असतं तर मी तिथून पळूनच गेलो असतो.

मी मूळचा संगमेश्वराकडचा. मराठी पाचवीत शाळा सुटली. ओळखीनं खांडबाऱ्याला लाकडाच्या वखारीत लागलो. डोंगरातून आलेल्या सागाच्या ओंडक्यांवर घणानं मालकाचा शिक्का ठोकायचा, हे काम. इथली बोली तेव्हा कळत नसे. कोणी नुसतं हाक मारलं तरी मला वाटे, भांडण लागलं. लग्न होऊन यशोदा आली तेव्हा ती माझ्याहून भ्यालेली. तिला आई नव्हती. वखारीमागच्या आमच्या झोपडीशेजारी वेस्तीमाय राहायची, डोंगरातली, एकटी, बाजाराला रानमेवा विकणारी. घरातली तिची बोली वेगळीच होती, आमच्याशी बाजारातली अहिराणी बोलायची. तिनं यशोदेला नागलीची भाकरी थापायला शिकवली, डोक्यात तेल घातलं. दोघींना एकमेकींचं बोलणं निम्मं कळायचं आणि तेवढ्यावर त्या दिवसभर बोलायच्या.

युद्धाचे दिवस होते. उन्हाळा तापला होता, टेंभरं, टेंभुर्णीची फळं, पिकली होती. यशोदेचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी ताप, दुसऱ्या दिवशी उलट्या, आणि तिसऱ्या दिवशी तिनं मला ओळखलं नाही. मेलेल्या आईला हाका मारू लागली. "आये, दार उघड गो. भायेर कोण हाय बघ." उजेड नको, हात लावलेला नको, मान लाकडासारखी. आवरायला गेलो तर मनगटाला चावली.

वखारीतली माणसं दारात जमली. हमालांचा मुकादम फकिरा म्हणाला, "ताप ना बिप, नजर शे ही. त्या म्हतारीनी टेंभरं खादी ना इनी, तव्हंपाशी."

सगळ्यांनी एकदम वेस्तीमायच्या दाराकडे बघितलं. डाकण, म्हणजे चेटकीण, हा शब्द कोणी उच्चारला नाही. डाकण ठरलेल्या बाईचं काय करतात ते मी ऐकून होतो. झाडाला बांधतात, डोळ्यांत मिरची घालतात, आणि तेवढ्यावर थांबलं तर तिचं नशीब. फकिरा पुढं म्हणाला, "बाजारना दिनले भगत येस. तो सांगी. पोर वाचनी त ठीक. नही त मंग देखू."

वेस्तीमायनं ते ऐकलं. ती आत आली, यशोदेचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "गाडीवर चाल. नंदुरबारले डागतर शे."

यशोदेला चादरीत गुंडाळून आम्ही दुपारच्या गाडीत घातलं. ती ओरडायला लागल्यावर डबा निम्मा रिकामा झाला. उरलेल्यांत नवापूरचा एक व्यापारी होता. कुठं नेताय ते ऐकून त्यानं जीभ चावली. "पेलो पाणीवाळो? पाठमां सोय मारशे. पग जशे, भाई." कमरेखाली लुळी पडेल, असं त्याचं म्हणणं. समोरचा म्हणाला, लुळी पडली तर बरं, वेड लागलं असलं तर सरकार धरून नेतं, मग माणूस परत दिसत नाही. दोघंही मला शेंगदाणे देत होते आणि हे सांगत होते. मी ते मुठीत धरून बसलो.

पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. डॉक्टरांनी यशोदेच्या मानेखाली हात घालून डोकं उचलायला बघितलं. डोकं आलं नाही, खांद्यांसकट सगळं अंगच वर आलं आणि गुडघे पोटाशी वळले. डॉक्टर गुलाबवर ओरडायला लागले.

मी म्हणालो, "डॉक्टर, तिला वेड लागलंय का?"

"ते मला काय विचारता? तिच्या पाण्याला विचारू."

"पाय जातील म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"गाडीतले."

"गाडीतल्यांना सुई कुठं टोचतात ते माहीत आहे का?" त्यांनी माझी पाठ वळवली आणि सदऱ्यावरूनच कमरेजवळचा एक मणका दाबला. "पायांच्या दोऱ्या इथं सुट्या होऊन पाण्यात लोंबतात. सुई आली की बाजूला सरतात. शेवाळात काडी घातल्यासारखं. कळलं? भीती मला राहू द्या, तुम्ही कंदील धरा."

यशोदेला कुशीवर वळवून, गुडघे हनुवटीला लावून, पोटातल्या पोरासारखी धरली. ती खूप झगडली. पहिल्या खेपेला सुईत रक्त आलं. मग थोडं पाणी आलं, तेही गुलाबी. डॉक्टरांनी ते दोन काचेच्या नळ्यांत धरलं, उजेडाकडे नेलं, पण उजेड सरला होता आणि रक्तामुळं काही ठरवता येईना. नळ्या त्यांनी खिडकीतल्या लाकडी घोडीवर उभ्या केल्या. रक्त खाली बसलं की बघू म्हणाले. तेवढ्यात दाराशी बैलगाडी आली, आत अडलेली बाळंतीण. डॉक्टर तिकडे धावले.

परत आले तेव्हा नळ्या रिकाम्या होत्या.

गुलाब आधी माझ्याकडे आला, मग वेस्तीमायकडे बघत राहिला. खांडबाऱ्याची कुजबुज त्याच्या कानावर आली होती, कोणी सांगितली कोण जाणे. "साहेब, हीच. इले डाकण म्हंतस. पोरनं पानी इनीच काही करं."

मला वाटलं, आता हे डॉक्टर पोलीस बोलावतील, किंवा आम्हाला बाहेर काढतील, आणि यशोदा दवाखान्याबाहेरच्या ओट्यावर मरेल, आणि मग उद्या खांडबाऱ्याला वेस्तीमायचं जे व्हायचं ते होईल. वेस्तीमाय भिंतीला टेकून उभी होती. पळाली नाही.

ज्या माणसानं कापूस जाड म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, तो आता ओरडला नाही. डॉक्टर धोतर सावरून तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिलाही खूण केली. ती बसली.

"माय, पानी कोठे टाकं?"

"नीमखाले. मातीमा."

"काब्रं?"

का, असं विचारल्यावर तिनं खिडकीतल्या रिकाम्या नळ्यांकडे बोट केलं. मग म्हणाली, "पोरनं आंगनं पानी शे ते. काचमा भरीसन खिडकीमा उघडं ठेवं व्हतं. कोनी लई जाई, त्यावर काही करी. मी मातीले दी टाकं. मातीकडथीन कोनी लई सकत नही."

कापलेले केस, नखं, बाळाची नाळ, सगळं तिच्या डोंगरात पुरतात, परक्याच्या हाती लागू देत नाहीत. अंगातून निघालेलं ज्याच्या हाती, त्याच्या हाती तो माणूस. जिला लोक डाकण म्हणत होते, ती यशोदेला डाकणीपासूनच राखत होती.

डॉक्टर मान हलवत होते, जणू दुसऱ्या एखाद्या डॉक्टरचं म्हणणं ऐकताहेत. "मी इचारालेच पाहिजे व्हतं," ते म्हणाले. "तू बरोबर करं. पन आते माले सकाळे पुन्हा काढनं पडी. पोर झगडस. तू धरशी का?"

"पानी परत देशी?"

"देसू. मन्हं काम व्हयनं का तुन्हा हातमा देसू. तू पुर."

ती म्हणाली, बरं.

मी डॉक्टरांना विचारलं, औषध आजच का देत नाही. तेव्हा त्यांनी कपाटातून एक छोटी बाटली काढून दाखवली. नव्या गोळ्या होत्या. मेंदूच्या पडद्यावरच्या एका प्रकारच्या तापाला त्या लागू पडत, आणि युद्धामुळं मुंबईहून येत नव्हत्या. बाटलीत एका माणसापुरत्या होत्या. "हिला तो ताप असेल तर सगळ्या हिच्या. नसेल आणि मी दिल्या, तर हिला उपयोग नाही, आणि उद्या ज्याला उपयोग होईल त्याला काय देऊ?" हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. लवंग चावत होते.

सकाळी मी आणखी एक गोष्ट बघितली, ती बघायला नको होती. शेजारच्या खाटेवर एका शिंप्याची लहान मुलगी होती, कित्येक दिवस पडून, यशोदेसारखी ओरडत नव्हती, नुसती छताकडे बघायची. तिचं पाणी आदल्या दिवशी काढून नळीत ठेवलं होतं, वर रुमाल घालून. वेस्तीमाय त्या नळीला शिवली नव्हती, ते दुसऱ्याचं होतं. डॉक्टरांनी रुमाल काढला. पाणी विहिरीसारखं स्वच्छ. पण त्यात मधोमध, वरपासून खालपर्यंत, कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी लोंबत होतं. इतकं बारीक की डॉक्टरांच्या श्वासानं नळी हलली तसं तेही हललं. मला ते सुंदर वाटलं. डॉक्टरांनी रुमाल परत टाकला, स्वतः चुलीवर चहा केला, आणि शिंप्याला बाहेर पायरीवर नेऊन त्याच्या हातात कप दिला. बराच वेळ दोघं बसून होते. नंतर गुलाबनं सांगितलं, जाळं धरलं म्हणजे क्षय मेंदूत गेला. त्याला औषध नाही.

तिथून माझ्या डोळ्यांपुढून ते जाळं हलेना. यशोदेच्या पाण्यात जाळं असेल तर ती मरणार. काहीच नसेल, नुसतं स्वच्छ पाणी असेल, तर मग वेडच, आणि तिला धरून नेणार. मी देवाकडे काय मागावं तेच मला समजेना. घाण पाणी निघू दे, असं कोणी मागतं का?

दुसऱ्यांदा सुई घालायची वेळ आली तेव्हा वेस्तीमायनं यशोदेचं डोकं आणि गुडघे आपल्या मिठीत घेतले आणि तिच्या कानाशी काहीतरी गुणगुणायला लागली. कुठल्या बोलीत ते मला माहीत नाही, यशोदेलाही नव्हतं, पण ती झगडायची थांबली. डॉक्टर ओरडून ओरडून गप्प झाले होते. सुई आत गेली. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा थेंब पडत होते, एकामागून एक, घाईत, जणू आत कोंडले होते.

नळी भरल्यावर डॉक्टर खिडकीशी गेले आणि मला बोलावलं. एका हातात यशोदेची नळी, दुसऱ्या हातात तेवढंच साधं उकळलेलं पाणी. मागं वर्तमानपत्राचा तुकडा धरला. "यातून वाचा," म्हणाले. साध्या पाण्यातून मी वाचलं. कापसाचे भाव होते. "आता हिच्यातून."

मी बघितलं. अक्षरं होती, पण पुसट, तांदूळ धुतलेल्या पाण्यात पडल्यासारखी. मला लागेना. पाचवीत शाळा सोडल्याची लाज तोपर्यंत मला कितीदा वाटली होती, पण तशी कधी वाटली नाही. मी डोळे ताणले, पुन्हा बघितलं. "डॉक्टर, मला वाचता येत नाही," म्हणालो.

"येत नाही?"

"नाही येत."

"नक्की?"

मला रडू आलं. "शिकलेला नाही मी जास्त."

डॉक्टर हसले. "मलाही येत नाही. शिकलेला आहे तरी. चांगलं झालं." आणि नळी घेऊन टेबलाशी पळाले.

मग त्यांनी काय काय केलं. कार्बोलिकच्या पाण्यात एक थेंब सोडला, तर तो विडीच्या धुरासारखा पसरला; चांगल्या पाण्याचा असा धूर होत नाही. निळ्या औषधात घालून उकळलं, तर ते निळंच राहिलं. "चांगल्या पाण्यात साखर असते, मग हे विटेसारखं तांबडं होतं. हिची साखर जंतूंनी खाल्ली." मग भिंगाच्या यंत्राला डोळा लावून बसले आणि मांडीवर बोटांनी काहीतरी मोजत राहिले. उठले तेव्हा कपाळ घामानं निथळत होतं. "वेड नाही," म्हणाले. "जाळंही नाही. पू आहे. गुलाब, बाटली."

आपल्या माणसाच्या मेंदूत पू आहे, हे ऐकून मी त्यांचे पाय धरले. असं कोणी केलं नसेल.

गोळ्या कुटून पाण्यातून यशोदेच्या तोंडात घालायच्या, दर थोड्या वेळानं, आणि वर भांडंभर पाणी पाजायचं, हे वेस्तीमायनं केलं. मी भांडं भरून आणायचो. राहिलेलं पाणी डॉक्टरांनी कार्बोलिक घालून उकळलं, नळीला बूच लावलं आणि दोन्ही हातांनी, देवाचं तीर्थ द्यावं तसं, वेस्तीमायला दिलं. तिनं ते त्याच कडुलिंबाखाली पुरलं आणि वर दगड ठेवला. त्यानंतर त्या दवाखान्यात हा नेमच पडला. कोणाचंही पाठीतलं पाणी काढलं की तपासून, उकळून, घरच्यांना परत. लोक आधी पाण्याला भिऊन येत नसत, ते येऊ लागले. परत मिळतं म्हटल्यावर द्यायला कोणाची हरकत नव्हती.

यशोदा शुद्धीवर आली ती हळूहळू. आधी पाणी मागितलं, मग मला ओळखलं, मग रडली. एका कानानं ऐकू येईनासं झालं ते कायमचंच. आम्ही तिथं बरेच दिवस राहिलो. मी लाकडं फोडायचो, पाणी भरायचो.

त्याच दिवसांत तळोद्याकडच्या एका इनामदारांना त्यांच्या मुलांनी आणलं. अंगात जरीचा कोट, बोलणं गोड, पण जीभ अडखळत होती. आल्या आल्या त्यांनी गुलाबला नंदुरबार स्टेशन बक्षीस दिलं आणि मला तापी नदी. डॉक्टरांना म्हणाले, "तुम्हाला काय देऊ?"

"तुमचं थोडं पाणी द्या."

"घ्या. पाहिजे तेवढं घ्या. विहिरी आहेत आमच्या."

मुलगे म्हणत होते करणी आहे, भाऊबंदांनी केली. इनामदारीणबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. पाणी स्वच्छ निघालं, अगदी वाचता येण्याजोगं. मुलांना आनंद झाला. डॉक्टरांना झाला नाही. कार्बोलिकमध्ये धूर पसरला होता. त्यांनी एक नळी बुचाला लाख लावून मुंबईला तपासायला पाठवली. उत्तर आलं तेव्हा मुलांना बाहेर बसवून बाईंना आत बोलावलं. मी ओटा सारवत होतो, म्हणून ऐकू आलं.

"कोणी केलं हो हे, डॉक्टरसाहेब?"

"बाहेरच्यानं नाही, वहिनी. तरुणपणी लागलेला रोग आहे, वीस वर्षांनी डोक्यात चढतो. मला तुमचंही रक्त बघावं लागेल. त्यात तुमचा दोष नाही."

जाताना इनामदारांनी मला पुन्हा तापी दिली. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. "कळतं सगळं," एवढंच म्हणाले. "कळून उशीर झालेला असतो."

शिंप्याची मुलगी त्याआधीच गेली होती. तिचंही पाणी बापाला परत दिलं होतं.

खांडबाऱ्याला परतायची वेळ आली तेव्हा मला पुन्हा भीती वाटायला लागली, या खेपेला वेस्तीमायसाठी. यशोदा वाचली, पण कान गेला होता. लोक म्हणणार, कान तरी हिनंच खाल्ला. डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्यांनी खांडबाऱ्याचा बाजार कधी भरतो तेवढं विचारलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी वखारीत घण मारत होतो आणि बघतो तर डॉक्टर गाडीतून उतरून सरळ वेस्तीमायच्या दाराकडे चालले होते. धोतर, काळा कोट. बाजार भरलेला. भगतही आला होता, फकिरा त्याच्याशेजारी बसला होता. डॉक्टर वेस्तीमायच्या ओट्यावर मांडी घालून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "माय, टेंभरं शे का?"

जिच्यावर तसला संशय असतो तिच्या हातचं कोणी खात नाही. वेस्तीमाय घाबरली. पाटीतली उरलेली, सुकत आलेली टेंभरं तिनं पुढं केली. डॉक्टरांनी एक सोललं, खाल्लं, बी अंगणात थुंकली. मग दुसरं. बाजार थांबला होता म्हटलं तरी चालेल. ते खातच राहिले, एक-एक, आरामात, आणि मधून आणखी मागायचे, "आखो दे." पाटी संपत आली तेव्हा त्यांनी फकिऱ्याला हाक मारली. "काय रे मुकादम, ये, खा."

"नको साहेब."

"काब्रं? माले काही व्हयनं त वखारमा खाट शे ना? मी आठेच बठेल शे."

बसून राहिले, संध्याकाळच्या गाडीपर्यंत. सगळ्यांसमोर. फकिरा आला नाही, पण त्याच्या बायकोनं येऊन एक टेंभरू उचललं, खाल्लं आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली. भगत उठून गेला. त्यानंतर वेस्तीमायबद्दल कोणी बोललं नाही, निदान आमच्यासमोर नाही.

स्टेशनवर सोडायला गेलो तर डॉक्टर पोट धरून बाकावर बसले. "मला टेंभरं अजिबात आवडत नाहीत," म्हणाले. "घसा सगळा खरवडलाय. पाणी आहे का?"

मधे काही वर्षं गेली. नंदुरबारला गेलो की दवाखान्यात डोकावायचो. मग एकदा गेलो तर कुलूप. गुलाब दुसरीकडे लागला होता. डॉक्टर गावी गेले, एवढंच लोक सांगत.

यंदा सारंगखेड्याच्या यात्रेला मालकाच्या टांग्यासाठी घोडा बघायला गेलो होतो. घोड्यांच्या रांगांपलीकडे एका मांडवात डॉक्टर खुर्चीवर बसलेले दिसले. शेजारी त्यांचे थोरले भाऊ, शेतकरी, पागोटंवाले. मी पाया पडलो. ओळखलं त्यांनी. "कान कसा आहे?" हेच पहिलं विचारलं. मी म्हणालो, तसाच, पण मुलाचं रडणं दुसऱ्या कानानं बरोबर ऐकते. ते हसले, पण चेहरा हलला नाही, हसू डोळ्यांतच राहिलं. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरून ठेवला होता. मला वाटलं थंडी.

भावानं चहा मागवला. डॉक्टरांनी कप घ्यायला हात सोडला आणि मला दिसलं. हात थरथरत होता, बोटं गोळी वळल्यासारखी एकमेकांवर घासत होती. चहा बशीत, बशीतून धोतरावर सांडला. त्यांनी कप खाली ठेवला. "गरम आहे," म्हणाले. भाऊ दुसरीकडे बघत राहिले.

मी विचारलं, "डॉक्टर, तुमचं पाणी बघितलं का कोणी?"

"यात पाणी स्वच्छच निघतं," ते म्हणाले. "काही सांगत नाही ते. हा रोग माहितीतला आहे. हळूहळू चालतो." मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, भावाला ऐकू जाणार नाही असं, "पुढं घास तोंडापर्यंत जात नाही म्हणतात. मी तसले बघितलेत. मला भीती वाटते हो."

मी त्यांना धीर द्यायला हवा होता. एक घोडा समोरून नाचवत नेत होते, ते त्याच्याकडे बघायला लागले, मीही बघत राहिलो. मालकानं हाक मारली, मी उठलो. वळून बघितलं तेव्हा भाऊ त्यांच्या कोटाची गुंडी लावत होते आणि डॉक्टर मान वर करून लहान मुलासारखे बसले होते.

तेव्हा बोललो नाही ते इथं लिहितो. डॉक्टर, तुमच्या घरी करणारं कोणी नाही हे मला ठाऊक आहे, आणि भाऊ म्हातारे आहेत. ज्या दिवशी तुम्हाला कप धरवणार नाही त्या दिवशी एक माणूस खांडबाऱ्याला धाडा. यशोदेशी बोलून ठेवलंय, मी, ती आणि वेस्तीमाय, आम्ही तिघं मुलाला घेऊन येऊ. मी भित्रा आहे, मला रोगाची भीती वाटते, तुमच्या हाताकडे बघायचीही वाटली. तरी मी येईन, तुमच्याजवळ बसेन आणि माझ्या हातानं तुम्हाला जेवू घालीन.